भिंतीवरून चालणारी माणसं

पहिल्यांदा ती माणसं आली तेव्हा ताहेराबी अंगणात मेथी निवडत बसली होती. थंडीचे दिवस होते, आणि कललेल्या उन्हानं समोरची भिंत पिवळी झाली होती. त्या भिंतीच्या माथ्यावरून वीतभर उंचीची माणसं एकामागे एक चालत होती. अंगात जांभळे आणि हिरवे पायघोळ झगे, डोक्यावर उंच टोप्या, टोप्यांना सोनेरी काठ. पावलांचा आवाज नव्हता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भिंत जिथं संपते तिथं पोचली की ती हवेत विरून जात, आणि मागून दुसरी येत.

ताहेराबीच्या हातातली काडी तशीच राहिली. तिला भीती वाटली नाही. ती त्या टोप्यांच्या काठाकडे पाहत राहिली, कारण काठाचा धागा न् धागा तिला दिसत होता. गेली दोन वर्षं तिला असं स्वच्छ काहीच दिसलं नव्हतं.

रोहिणखेडात आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत ताहेराबीनं पंचेचाळीस वर्षं बांगड्या भरल्या होत्या. नवरा रज्जाक होता तेव्हा तो टोपली सायकलवर बांधून तिला गावोगाव न्यायचा. तो गेला, मुलगा वकारनं बसस्टँडजवळ बांगड्या-टिकल्यांचं दुकान टाकलं, तरी लग्नाचा चुडा भरायला घरोघरी बोलावणं यायचं ते ताहेराबीलाच. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबायचं, की दोन-चारची बांगडी लागणार की दोन-सहाची हे तिच्या बोटांना समजायचं. म्हणूनच तिच्या डोळ्यांचं काय झालंय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नजरेच्या अगदी मधोमध कुणीतरी ओला अंगठा फिरवल्यासारखा डाग पडला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा मात्र पुसलेला. कडेचं सगळं ठीक होतं. नात अदीबा समोर उभी राहिली की ताहेराबी मान जराशी वळवून तिच्याकडे तिरकं पाहायची. अदीबाला वाटायचं, दादी लाडात आली की असं बघते.

ती माणसं पुन्हा पुन्हा येऊ लागली. कधी माणसांऐवजी आभाळभर जाळी पसरायची, मशिदीच्या जुन्या दगडांवर असते तशी नक्षीची, आणि ती जाळी हळूहळू फिरत राहायची. कधी ताटातल्या भाकरीवर निळी फुलं उमलायची. ताहेराबी तुकडा मोडायची तर फूलही मोडायचं, आणि घास तोंडात घातला की चव भाकरीचीच असायची. एकदा नमाजाच्या वेळी चटईच्या काठावरून उंदराएवढे पांढरे घोडे गेले. तिनं घाईनं डोळे मिटले. घोडे नाहीसे झाले. उघडले, तर होतेच.

हे तिच्या ध्यानात राहिलं. स्वप्न डोळे मिटल्यावर येतं. हे डोळे उघडल्यावर येत होतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. तिची एक खाला, म्हणजे मावशी, होती मलकापूरला. म्हातारपणी ती भिंतीशी बोलायची, आणि घरच्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं. जेवणाची थाळी दारातून आत सरकवायचे. ताहेराबी तेव्हा लहान होती, पण फरशीवरून सरकणाऱ्या थाळीचा तो आवाज तिच्या कानातून कधी गेला नाही.

*

कोकिळाच्या मुलीचं, प्रेरणाचं लग्न निघालं. कोकिळाचं घर शेतकऱ्याचं, गावात मानाचं. तिला स्वतःला चुडा भरला होता तोही ताहेराबीनंच. अंगणात सतरंजी टाकली होती. हळदीचा वास, बायकांची गर्दी, मधे प्रेरणा. पडवीत बाजेवर कोकिळाचे सासरे पुंजाजी बसले होते. ऐंशी ओलांडलेले पुंजाजी गेल्या दीड वर्षापासून बाजेवरून फारसे उतरत नव्हते, बोलतही नव्हते. गुडघे गेले, नजरही अधू झाली, असं घरातले म्हणत. नातीच्या चुड्यालाही ते पडवीतूनच पाहत होते.

ताहेराबीनं प्रेरणाचा हात मांडीवर घेतला. पहिल्या सहा बांगड्या सरसर चढल्या. सातवी अंगठ्याच्या हाडाशी आली, आणि प्रेरणाच्या कोपराकडून ती माणसं खाली उतरू लागली. तेच झगे, त्याच टोप्या. प्रत्येकाच्या हातात राईएवढा उजेड. मनगटाच्या उतारावरून ती सावकाश खाली येत होती, आणि सगळ्यांत पुढचा माणूस हिरव्या काचेच्या काठावर पाय ठेवणार होता.

ती खरी नाहीत हे ताहेराबीला माहीत होतं. तरी तोंडातून निघून गेलं.

"सरका रे, सरका! काच लागीन!"

बोटं दचकली. बांगडी कट्कन तुटली. प्रेरणाच्या मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला.

कोकिळानं तो थेंब पदरानं टिपला.

"वाढली म्हना, वाढली," एक म्हातारी घाईनं म्हणाली, कारण अशा वेळी बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही.

"चाची," कोकिळानं हळूच विचारलं, "कोनाले म्हनून राह्यल्या तुमी?"

"कोनाले नाही वं माय," ताहेराबी म्हणाली. पण बाकीचा चुडा तिनं डोळे मिटून भरला. ते बायकांनी पाहिलं.

आठवड्यात गावभर झालं. ताहेराबीला काहीतरी दिसतं. ताहेराबी हवेतल्या कुणाशी बोलते. कुणी म्हणालं, दर्ग्यावर न्या. कुणी म्हणालं, वय झालं, आता भरल्या घरात बोलावू नये. लग्नाची दोन बोलावणी ठरलेली होती, ती आली नाहीत. वकार दुकानातून आला आणि आईच्या बाजूला बसला.

"अम्मा, आता आराम कर," तो म्हणाला. "लय केलं तू. घरीच राह्य."

त्याच्या आवाजात माया होती. ताहेराबीला मात्र फरशीवरून सरकणारी थाळी ऐकू आली.

*

अदीबा मोताळ्याच्या कॉलेजात जायची. त्या दिवशी ती लवकर परतली तेव्हा दादी अंगणात बसलेली होती आणि तिची नजर भिंतीवरून उजवीकडून डावीकडे सरकत होती. भिंत संपली की पुन्हा उजवीकडे यायची. अदीबा दाराशी उभी राहून पाहत राहिली. मग दप्तर खाली ठेवून शेजारी जाऊन बसली. काय पाहतेस, असं तिनं विचारलं नाही.

"दादी, किती जनं हायेत?"

ताहेराबीनं मान वळवून तिच्याकडे तिरकं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आज अकरा."

"मोठे हायेत?"

"नाही. एवढे." तिनं वीत दाखवली. "कपडे लय भारी हायेत. असा काठ मी जिंदगीत पाह्यला नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. जाळी, फुलं, घोडे, आणि रुंद चेहऱ्यांची ती दोन पोरं, ज्यांचे दात फार मोठे होते आणि ज्यांची तिला खरोखर भीती वाटली होती. अदीबा ऐकत राहिली. शेवटी फक्त विचारलं, "आन् मी? मी कशी दिसतो तुले?"

"तुहे कान दिसते," ताहेराबी म्हणाली. "आन् कानातले."

अदीबा उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या दोघी बुलढाण्याला निघाल्या. राजूरच्या घाटात एस्टी वळणं घेऊ लागली तशी डोंगरावर निळसर जाळी चढली. प्रत्येक वळणाला ती ताणली जायची आणि पुन्हा सैल व्हायची. ताहेराबी काचेला डोकं टेकून बघत राहिली. कुणाला सांगितलेलं असलं की त्याच गोष्टीकडे बघणं किती वेगळं होतं, याचं तिला नवल वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टर सुचिता वयानं लहान होत्या. त्यांनी थेंब घातले, उजेड पाडून आत पाहिलं, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली. पडद्याचा मधला भाग झिजलाय, म्हणाल्या. तो परत येणार नाही, पण कडेची नजर जाणार नाही. ताहेराबीनं मान हलवली. मग अदीबानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिनं डॉक्टरांना त्या माणसांबद्दल सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, ती माणसं ओळखीची असतात?"

"नाही. एकही नाही."

"बोलतात तुमच्याशी?"

"मायाकडे पाहत बी नाही."

"डोळे मिटले की?"

"जाते."

"ती खरी नाहीत, हे तुम्हाला त्या वेळी समजतं?"

"समजते. पन दिसते तं खरीच."

डॉक्टर हसल्या. खुर्ची पुढे ओढून त्यांनी ताहेराबीचा हात धरला.

"आजी, आपल्याला वाटतं डोळा पाहतो. डोळा फक्त खबर पाठवतो. इथं उजेड, इथं अंधार, इथं लाल, एवढंच. त्या खबरींवरून चित्र तयार करतो तो मेंदू, इथं, डोक्याच्या मागच्या बाजूला. तुमच्या डोळ्याच्या मधल्या भागातून खबर जाणं बंद झालंय. पण मेंदूतली ती जागा धडधाकट आहे. तिला रिकामं बसता येत नाही. खबर आली नाही, तर ती आपल्याच मनानं चित्रं काढत बसते. जाळ्या काढते, फुलं काढते, नटलेली माणसं काढते. तुमच्यासारख्या पुष्कळांना दिसतं. लाजेपायी कुणी सांगत नाही."

"म्हंजे मी येडी नाही?"

"अजिबात नाही."

"मंग कागदावर लिहून द्या."

डॉक्टरांनी केसपेपरवर खाली ठळक अक्षरांत लिहिलं: मानसिक आजार नाही. नजर कमी झाल्यामुळे चित्रे दिसतात. ताहेराबीनं तो कागद चार घड्या करून बटव्यात ठेवला.

"नको असतील तेव्हा डोळे झरझर डावीकडून उजवीकडे फिरवा," डॉक्टर म्हणाल्या. "किंवा चांगल्या उजेडात जा. बहुतेक वेळा जातात. हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत, आपणहून कमीही होतात."

मग त्या अदीबाकडे वळल्या. "तुझ्याही डोळ्यात एक भोक आहे, माहितीये? सगळ्यांच्याच असतं." त्यांनी कागदावर चार बोटांच्या अंतरानं दोन ठिपके काढले, अदीबाला डावा डोळा झाकायला सांगितला, उजव्यानं डाव्या ठिपक्याकडे बघायला लावलं, आणि कागद हळूहळू जवळ आणला.

"गेला!" अदीबा म्हणाली. "दुसरा ठिपका गेला!"

"आणि तिथं काय आहे?"

"कोरा कागद."

"तो कागद तुला दिसत नाहीये. मेंदूनं भरलाय. जन्मभर भरतोय, आणि आपल्याला पत्ताही नाही."

*

वकारनं केसपेपर दोनदा वाचला. मग आईचे पाय दाबत बसला. पण वकारला पटलं म्हणून गावाला पटत नव्हतं. ताहेराबीनं ठरवलं, की जिथं घडलं तिथंच जायचं.

प्रेरणा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती. कोकिळाच्या अंगणात शेजारच्या तीन-चार बायका तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ताहेराबी अदीबाचा हात धरून आत आली तशी सगळ्यांनी मान वर केली. कोकिळा उठून उभी राहिली.

"कोकिळा, मी मापी मांगाले आली," ताहेराबी म्हणाली. "पोरीच्या हाताले लागलं त्याची. आन् काऊन लागलं, थे सांगाले आली."

ती सतरंजीवर बसली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. लपवलं काही नाही. टोप्यांचा काठ, घोडे, भाकरीवरची फुलं. बायकांच्या हातातल्या शेंगा थांबल्या. अदीबानं दुकानातून आणलेल्या दोन लाल टिकल्या एका कागदावर चिकटवल्या आणि डॉक्टरांनी दाखवलं तसं एकेकीला दाखवलं. प्रेरणा पहिली.

"अवं माय! टिकली कोठी गेली?"

"तिथंच हाय," अदीबा म्हणाली. "डोकं म्हनते नाही."

कोकिळानं तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं कागद हातानं चाचपला, टिकली बोटाला लागली, आणि ती ताहेराबीकडे अशी पाहत राहिली जशी पूर्वी, नवी नवरी असताना, पाहायची.

"चाची, मी तुमाले इचाराले पायजे होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात पडवीतून खाकरल्याचा आवाज आला.

"ताहेराबी," पुंजाजी म्हणाले. त्यांचा आवाज इतक्या दिवसांनी ऐकू आल्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं. "तुह्या मानसाइले पाय हायेत का?"

"हायेत, दादा. बारीक जोडे घातलेले."

"माह्याइले नाहीत." पुंजाजी थांबले. ओठ ओले केले. "कमरेपर्यंत पान्यात राह्यते थे. म्हनून."

"कोन्या पान्यात, मामाजी?" कोकिळानं विचारलं.

म्हाताऱ्यानं काठीनं अंगण दाखवलं. "ह्या. दीड वर्स झालं. इथून तिथलोक पानी. निळं. वर पांढरे पक्षी बसते. बाया येते, डोक्यावर चटया घेऊन, पान्यातून जाते. कोनी मायाकडे पाहत नाही."

कोकिळाच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "म्हनून तुमी बाजेवरून उतरत नाही? तुमी तं गुडघे म्हनत होते!"

"काय सांगू मंग? अंगनात पानी हाय म्हनू?" त्यांचा आवाज चिरकला. "पानी नाही, थे मले बी समजते. तुमी साऱ्या तं त्यातच बसेल हा, कोरड्याठाक. पन पाय टाकाले जातो तं पाय आयकत नाही."

कुणी हसलं नाही. ताहेराबी उठली. भिंतीला हात लावत पडवीपर्यंत गेली आणि बाजेशेजारी उभी राहिली. पंचेचाळीस वर्षांत तिनं या घरातल्या सगळ्या बायकांचे हात धरले होते, पुंजाजींचा हात पहिल्यांदाच धरला. मोठा, खडबडीत, गार हात होता.

"डोळे इकडून तिकडे फिरवा, दादा. झरझर."

त्यांनी फिरवले. "कमी झालं. पन हाय."

"मंग मिटा. मी बी मिटतो."

दोघांनी डोळे मिटले. ताहेराबीनं पाऊल पायरीवरून खाली टाकलं आणि त्यांच्या हाताला जराशी ओढ दिली. पुंजाजींचा डावा पाय हवेत थांबला. तो खूप वेळ तसाच होता. मग खाली आला, आणि उन्हानं तापलेल्या, शेणानं सारवलेल्या जमिनीला लागला.

"कोरडं हाय," पुंजाजी म्हणाले.

"हाव."

"गरम हाय." त्यांनी दुसरा पाय टाकला. अंगठ्यानं जमीन उकरली, खडा लागला तो चाचपला. "ताहेराबी, उघडू का?"

"उघडा."

त्यांनी डोळे उघडले. पाणी होतं. ओसरून घोट्याच्या वरपर्यंत आलेलं निळं पाणी, आणि त्यात आपले पाय. पण पाय सांगत होते, की आपण कोरड्या, उबदार मातीवर उभे आहोत. डोळे एक सांगत होते, पाय दुसरं, आणि पुंजाजी दोन्ही ऐकत मधे उभे होते. मग त्यांनी एक पाऊल टाकलं, त्यानंतर आणखी एक. पांढरे पक्षी बाजूला झाले. चटया घेतलेल्या बायका त्यांच्या अंगाजवळून, न पाहता, निघून गेल्या. अंगणाच्या मधोमध येऊन ते थांबले आणि हसू लागले. दीड वर्षात न हसलेला माणूस हसतो तसं ते हसणं होतं, अडखळत, खोकल्यासकट. कोकिळा तोंडाला पदर लावून रडत होती, आणि प्रेरणा आजोबांच्या मागे मागे, हात न लावता, चालत होती.

त्या संध्याकाळपर्यंत दोघं म्हातारी अंगणात बसून राहिली. तुह्याकडे आता काय हाय? चार जनं, तुळशीजवळ. तुमच्याकडे? पक्षी उडाले, दादा म्हणत, आता नुसतं पानी. दोघांना एकमेकांचं काहीच दिसत नव्हतं, पण ऐकायला तिथं बायका जमल्या होत्या, आणि कुणाला उठावंसं वाटत नव्हतं.

*

महिन्यानं पुंजाजींना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर गाडी घेऊन निघाला, तर पुंजाजी म्हणाले, ताहेराबी असल्याशिवाय मी येत नाही. म्हणून तीही निघाली. चुड्याची दोन बोलावणी पुन्हा आली होती, पण ती पुढच्या आठवड्यातली होती.

दवाखान्यात गर्दी होती. पुंजाजींना आत नेलं आणि ताहेराबी बाहेर बाकावर बसली. तिच्या उजव्या हाताला, नजरेच्या शाबूत कडेला, घाटाखालच्या गावातली कुणी एक म्हातारी सुनेबरोबर बसली होती. ती म्हातारी मधूनच हात वर करायची, तोंडासमोरून काहीतरी हलकेच बाजूला सारायची, पडदा सारावा तसं. सुनेनं पाहिलं की हात चटकन मांडीवर घ्यायची आणि खाली बघायची.

ताहेराबीनं हे तीनदा पाहिलं. मग ती बाकावरून थोडी सरकली, आणखी थोडी सरकली, आणि त्या बाईच्या कानाशी वाकून म्हणाली, "काय दिसून राह्यलं, माय?"

बाईचा हात मांडीवरच गोठला. तिनं सुनेकडे पाहिलं. सून मोबाइलवर बोलत दाराकडे गेली होती.

"पानं," ती म्हणाली. "लय मोठाली पानं हायेत. वरतून येऊन राह्यली."

"हिरवी?"

"हिरवी. आन् काही सोन्यासारखी."

"सांग," ताहेराबी म्हणाली, आणि नीट ऐकता यावं म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.